फेटाळलेली नोंद

नीलांबरी देवस्थळी कार्ल्सरूहेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायची आणि शनिवारी सकाळी पतंग ओळखायची. उडवायचे पतंग नव्हेत, दिव्यावर येणारी पाखरं. पुण्यात असताना तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जर्मनीत आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाल्कनीच्या भिंतीवर एक करडं पाखरू बसलेलं दिसलं. त्याच्या पंखांवर बारीक निबाने काढावी तशी नक्षी होती. नीलांबरी चहा विसरून बघत राहिली, आणि तिथेच अडकली.

तिने फोटो काढून कीटक अभ्यासणाऱ्या एका फेराइनच्या, म्हणजे संघटनेच्या, पोर्टलवर मोठ्या उत्साहाने नोंद टाकली होती. नाव साफ चुकलं होतं. खाली कुणा तपासनिसाने लिहिलं, 'सगळीकडे सापडणारा पतंग. कृपया आधी मूलभूत गोष्टी शिकून घ्या.' त्या दिवशी ती बाथरूमचं दार लावून रडली होती. मग मात्र इरेला पेटून शिकली. पुस्तकं घेतली, जुना मायक्रोस्कोप घेतला, फेराइनच्या प्रत्येक सभेला जाऊन मागच्या खुर्चीवर बसली. आठ वर्षांनी त्याच फेराइनने तिला तपासनीस नेमलं. ज्या कुळाला जर्मन लोक ऑयलन, म्हणजे घुबडं, म्हणतात, त्या जाड अंगाच्या काळपट-करड्या पतंगांच्या नोंदी तिच्याकडे आल्या. फेराइनचे प्रमुख डॉक्टर लिंडनर सभेत म्हणाले होते, "फ्राउ देवस्थळींच्या नजरेतून काही सुटत नाही." ते वाक्य तिने घरी येऊन नवऱ्याला, प्रतापला, दोनदा ऐकवलं होतं.

तपासनिसाला तीन बटणं असत. बरोबर असेल तर हिरवी खूण. चूक असेल तर लाल फुली. आणि फोटोवरून सांगता येत नसेल तर पिवळं बटण, नमुना मागवा म्हणून. पिवळं बटण दाबलं की पत्रव्यवहार वाढतो, पार्सलं येतात, पाखराचं पोट कापून मायक्रोस्कोपखाली बघत बसावं लागतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी तिच्यापुढे चारशे नोंदी साचल्या होत्या. दुपारी लेकीच्या, कुहूच्या, शाळेतल्या मैत्रिणी जेवायला येणार होत्या. अशात एक नोंद उघडली. पाठवणाऱ्याचं नाव यू. होफमान. जागा श्वार्त्सवाल्डमधल्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधल्या, एका गावाच्या वरचा उतार, साडेनऊशे मीटर उंचीवर. फोटोत एक छोटा काळपट पतंग कुठल्याशा स्टीलच्या झाकणावर ठेवलेला, त्यामुळे अर्ध्या फोटोवर उजेडाची तिरीप. पंखांच्या कडा फाटलेल्या, रंगाची पूड झडून गेलेली. आणि नाव काय दिलं होतं, तर उत्तरेकडच्या एका पतंगाचं. तो राहतो फिनलंड-स्वीडनच्या सूचिपर्णी जंगलांत. हिमयुग सरल्यावर मागे राहिलेल्या एखाद्या थंड कोपऱ्यात, हाइडेलबेअरच्या, म्हणजे रानटी ब्लूबेरीच्या झुडपांत, जर्मनीतही तुरळक उरलाय. श्वार्त्सवाल्डच्या त्या भागात तो चाळीस वर्षांत कुणाला दिसलेला नव्हता.

नीलांबरी हसली. असली नावं देणारे नवशिके तिने खूप पाहिले होते. झिजला की दर दुसरा काळा पतंग दुर्मीळ दिसायला लागतो. खरं म्हणजे याच कारणासाठी पिवळं बटण होतं, आणि हे तिला क्षणभर सुचलंही होतं. पण तिने लाल फुली मारली. आणि नुसती फुली मारून ती थांबली नाही. खाली लिहिलं, 'सगळीकडे सापडणाऱ्या पतंगाचा झिजलेला नमुना. दुर्मीळ नावं देण्याआधी कृपया मूलभूत गोष्टी शिकून घ्या. एन. देवस्थळी.'

लिहिताना ते वाक्य कुठून आलं हे तिला कळलं नाही असं नाही. कळलं. थोडं बरंही वाटलं.

दोन दिवसांनी होफमानचं नम्र उत्तर आलं. 'नमुना मी जपून ठेवला आहे. पाठवू का?' नीलांबरीने ते वाचलं आणि नंतर बघू म्हणून ठेवून दिलं. नंतर बघायचं राहून गेलं. त्या नावाने पुन्हा कधी नोंद आली नाही, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

दीड वर्ष गेलं. फेब्रुवारीत फेराइनने नवशिक्यांसाठी एक दिवसाचा वर्ग ठेवला. बाहेरून सारखे दिसणारे पतंग आतून कसे ओळखायचे, हे नीलांबरी शिकवणार होती. कापाकापीच्या सरावाला जुने, बिनमहत्त्वाचे नमुने लागतात. ते फेराइनच्या कपाटातल्या खालच्या खणात पडलेले असत. तिने त्यातल्या सात-आठ डब्या उचलून आणल्या. टेबलाभोवती सहा जण बसले होते, निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, एक परिचारिका. तिने एक डबी उघडली, पाखराचं पोट अलगद सुटं केलं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात गरम करून मऊ केलं, धुतलं, आणि मायक्रोस्कोपखाली सुईने उलगडलं.

"नराला टोकाशी दोन चिमटे असतात," ती सांगत होती. "कुलपाला किल्ली तसे प्रत्येक जातीचे वेगळे. आता या साध्या पतंगात चिमट्याला लांब, वाकडा आकडा दिसेल..."

आकडा लांब नव्हता. आखूड, जाड, काट्यासारखा होता. तिने भिंग फिरवलं, पुन्हा पाहिलं. असा चिमटा तिने फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. डबीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कागद तिने उलटला. कुणाच्या तरी सुबक अक्षरात गावाचं नाव, तारीख, साडेनऊशे मीटर. खाली यू. होफमान आणि पत्ता. आणि कागदाबरोबर घडी करून ठेवलेलं एक छापील पान. त्यावर लाल फुली आणि तिचंच वाक्य.

म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून या माणसाने नमुना स्वतःच फेराइनला पाठवला होता. आणि कुणीतरी वर तपासनिसाचा शेरा बघून डबी खालच्या खणात टाकली होती.

"काय दिसतंय?" परिचारिकेने विचारलं. सगळ्यांच्या माना पुढे आल्या होत्या.

नीलांबरीने काचपट्टी बाजूला सरकवली. "हा नमुना खराब झालाय," ती म्हणाली. "आपण दुसरा घेऊ."

पुढचे तीन तास ती शिकवत राहिली. कुणाला काही कळलं नाही. डबी तिने पर्समध्ये घालून घरी आणली.

त्या रात्री जेवताना तिने प्रतापला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, चुका होतात. सॉरीचा एक ईमेल टाक आणि मोकळी हो. एवढंसं पाखरू ते."

"फुली चुकून मारली नाही मी. ते वाक्य मुद्दाम लिहिलं."

"मग तसं लिही."

कुहू ताटातून मान वर न करता म्हणाली, "आल्झो मामा, डू वार्स्ट गेमाइन." म्हणजे तू दुष्टपणा केलास. तिने आपलं साधंसं मत दिलं होतं आणि पुन्हा भात कालवायला लागली होती.

ईमेल लिहायला बसण्याआधी नीलांबरीने तो उतार नकाशावर शोधला. मग गावाच्या वेबसाइटवर गेली, आणि तिथे तिला ते सापडलं. मागच्या हिवाळ्यात तो उतार मोकळा केला होता. पर्यटकांसाठी रुळांवरून गाड्या घसरत खाली आणणारी मोठी घसरगुंडी, आणि खाली पार्किंग. झाडं कापून, झुडपं उपटून जमीन सपाट केल्याचे फोटो होते, पिवळ्या मशिनीपुढे हसणारे लोक होते. सोबत पर्यावरण अहवाल जोडला होता. सत्तेचाळिसाव्या पानावर एक ओळ होती, 'एका दुर्मीळ पतंगाची नोंद रहिवाशाने कळवली होती. तथापि तज्ज्ञ तपासनिसांनी ती फेटाळली आहे.'

तज्ज्ञ तपासनीस. तिने लॅपटॉप मिटला. ईमेल लिहिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तीन आठवडे ती रोज ऑफिसला गेली, आली, स्वयंपाक केला. पोर्टल उघडलं नाही. डबी पर्समध्येच होती. किल्ल्या काढताना हाताला लागायची.

मार्चच्या पहिल्या शनिवारी ती एस-बानची लोकल आणि मग बस पकडून त्या गावी गेली. पत्ता डबीवर होता. चर्चमागच्या चढावर एक लाकडी घर. दारावर पितळी पाटी, डी. उंड यू. होफमान. घंटा वाजवली तेव्हा काय बोलायचं ते तिने जर्मनमध्ये पाठ केलं होतं.

दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. बुटक्या, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा, अंगात जाड लोकरी जाकीट. नीलांबरी बघतच राहिली.

"गुटन टाग," ती कशीबशी म्हणाली. "माइन नामं इस्ट देवस्थळी. मी फेराइनकडून..."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. मग मराठीत म्हणाल्या, "या. बूट इथे काढा."

स्वयंपाकघरात टेबलापाशी त्यांनी तिला बसवलं. फळीवर स्टीलचे डबे ओळीने लावलेले होते, आणि फोटोतलं झाकण कसलं होतं ते नीलांबरीला आता कळलं. बाईंनी चहा ठेवला. त्यांचं नाव ऊर्मिला. माहेर मिरजेचं. शहात्तर साली पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये कामाला म्हणून आल्या, डीटर होफमानशी लग्न केलं, चव्वेचाळीस वर्षं याच गावात. चार वर्षांपूर्वी डीटर गेले. हे सगळं त्यांनी सहज, पण तुटक सांगितलं, डॉक्टरला माहिती द्यावी तसं.

"पाखरांचा नाद ते गेल्यावर लागला," त्या म्हणाल्या. "घर रिकामं झालं ना. मागच्या पडवीत चादर लावायची, दिवा लावायची. कोण येतं ते बघत बसायची."

नीलांबरीने पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. "तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "तो तोच होता. मी आत बघितलं. मला पहिल्यांदाच नमुना मागवता आला असता. मी मागवला नाही. आणि जे लिहिलं, ते..."

तिने डबी आणखी पुढे सरकवली.

"मला माहीत होतं तो तोच आहे," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "तीस वर्षं लॅबमध्ये भिंगातून बघितलंय मी. पुस्तक मागवलं, तीन उन्हाळे ताडून पाहिलं. हाइडेलबेअरच्या झुडपात त्याच्या अळ्यासुद्धा बघितल्या होत्या. मी आपली त्याला काजळी म्हणायची. दिव्याच्या काचेवर धरते ना, तशा रंगाची." त्यांनी चहा गाळला. "तुमचा शेरा आला तेव्हा मी आधी खालचं नाव वाचलं. देवस्थळी. म्हटलं, अगंबाई, आपल्यातलं कुणीतरी! एवढा आनंद झाला. शेजारच्या बाईला सांगायला निघाले होते. मग वरचं वाचलं."

नीलांबरीने मान खाली घातली. कप हातात होता, पण ओठांपर्यंत जाईना.

"मूलभूत गोष्टी," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तेही मी गिळलं असतं. पण राटहाउसच्या हॉलमध्ये गावाची सभा झाली, त्या घसरगुंडीची. मी उठून बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, वरच्या उतारावर असं असं पाखरू आहे, कुठेच राहिलेलं नाही, आधी नीट तपासा. तर त्या प्रकल्पाच्या इंजिनियरने तुमचं वाक्य छापून आणलं होतं. सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. लोक हसले. वाईट लोक नाहीत हो, डीटर गेले तेव्हा घरी डबे आणून देणारे हेच. पण हसले. नंतर बेकरीत गेलं की, काय फ्राउ होफमान, मूलभूत गोष्टी शिकलात का? थट्टाच ती. मी चादर लावणं सोडलं."

खिडकीतून वरचा डोंगर दिसत होता. झाडीच्या मधोमध तपकिरी पट्टा, त्यावर चकचकीत रूळ.

"मला माफ करा," नीलांबरी म्हणाली. "खरंच माफ करा. मलाही सुरुवातीला कुणीतरी हेच लिहिलं होतं. हेच शब्द. आणि मी..."

"ते मला नका सांगू." ऊर्मिलाबाईंनी पहिल्यांदा तिचं बोलणं तोडलं. मग विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"तीन आठवड्यांपूर्वी. वर्गात शिकवताना."

"वर्गात? शिकणाऱ्यांसमोर? मग काय म्हणाले सगळे?"

खोटं बोलावं असं नीलांबरीच्या मनात येऊन गेलं. "मी सांगितलंच नाही," ती शेवटी म्हणाली. "नमुना खराब आहे म्हटलं, आणि दुसरा घेतला."

ऊर्मिलाबाईंनी उठून दोन्ही कप सिंकमध्ये नेऊन ठेवले. नीलांबरीचा तसाच भरलेला होता.

"माझ्याकडे येऊन काय उपयोग?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. बस सव्वा बाराला आहे."

परतीच्या बसमध्ये नीलांबरीला जाणवलं की ती मनात कुठेतरी वेगळ्या आशेने गेली होती. बाई रडतील, आपण रडू, त्या म्हणतील असू दे गं. दार मराठी माणसाने उघडल्यावर तर ती आशा आणखी वाढली होती. यू. होफमान कुणी जर्मन म्हातारी निघाली असती तर आपल्याला एवढी लाज वाटली असती का? हा प्रश्न तिला त्या शेऱ्याइतकाच बोचला.

रविवारी सकाळी बसून तिने पत्र लिहिलं. वर्गातल्या सहाही जणांना, डॉक्टर लिंडनरना आणि फेराइनच्या सगळ्या सभासदांना. काय पाहिलं, काय लपवलं, दीड वर्षापूर्वी काय लिहिलं होतं, सगळं. पोर्टलवर फुली काढून हिरवी खूण केली, आणि आपला जुना शेरा न पुसता त्याखाली लिहिलं की हा शेरा चुकीचा आणि उद्धट होता. मग तपासनीसपदाचा राजीनामा दिला.

डॉक्टर लिंडनरचा फोन तासाभरात आला. "एवढं वैयक्तिक कशाला?" ते अवघडून म्हणाले. "नव्याने तपासणी केली असता पतंगाच्या जातीचं निर्धारण बदललं, एवढं पुरे. असं बरेचदा होतं. फेराइनचंही नाव आहे."

"निर्धारण बदललं नाही, हेर डॉक्टर. मी निर्धारण केलंच नव्हतं."

त्यावर ते म्हणाले की तो खण त्यांच्याही देखरेखीत होता, आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी फेराइनच्या कागदावर गावाला पत्र पाठवलं. पत्र गुळमुळीत होतं, पण पाठवलं.

एप्रिलमध्ये गावाच्या कौन्सिलची सभा होती. शेवटी पंधरा मिनिटं कुणालाही बोलता येत असे. संध्याकाळी सात वाजता नीलांबरी त्या हॉलमध्ये उभी राहिली. चाळीसेक माणसं होती. ऊर्मिलाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, कोट न काढता. नीलांबरीने त्यांना फक्त तारीख कळवली होती.

तिचं जर्मन ऑफिसात चांगलं चालायचं, पण त्या दिवशी जीभ जड झाली. "तुमच्या अहवालात ज्या तज्ज्ञ तपासनिसाचा उल्लेख आहे, ती मी," तिने वाचलं. "मी नमुना न बघताच नोंद फेटाळली. फ्राउ होफमान यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांना मूलभूत गोष्टी माझ्यापेक्षा जास्त येत होत्या. या खोलीत त्यांचं हसं झालं ते माझ्या वाक्यामुळे."

कुणी खोकलं. मागून एका माणसाने विचारलं, "मग आता काय करायचं? बांधकाम तर झालं."

"झालं," नीलांबरी म्हणाली. "रुळांच्या वर जो झुडपांचा पट्टा राहिलाय, त्यात अजून काही शिल्लक आहे का ते या उन्हाळ्यात बघता येईल. असेलच असं मी सांगू शकत नाही."

महापौरबाईंनी आभार मानले, नोंद घेतली जाईल म्हणाल्या, सभा संपली. एवढंच. नीलांबरीला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं लवकर आटोपलं, आणि हलकं काही वाटलं नाही. ती आपला कोट शोधत राहिली. दाराशी बेकरीवाली ऊर्मिलाबाईंचा हात हातात घेऊन काहीतरी बोलत होती, दोघीतिघी आणखी थांबल्या होत्या. प्रकल्पाचा इंजिनियर कुणाकडे न बघता निघून गेला.

बाहेर अजून उजेड होता. ऊर्मिलाबाई पायऱ्यांवर तिची वाट बघत होत्या.

"बस कधीची आहे?"

"आठ चाळीस."

"म्हणजे तासभर आहे." त्यांनी हातमोजे घातले. वरच्या डोंगराकडे एकदा बघितलं. "आज त्या विषयावर मी काही बोलणार नाही. माझा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल."

"हो," नीलांबरी म्हणाली.

"मुगाची खिचडी टाकलीय. जेवून जा. उपाशी पोटी घाटातली बस लागते."

त्या चढ चढायला लागल्या, आणि नीलांबरी त्यांच्यापासून दोन पावलं मागे चालत राहिली. वाटेत ऊर्मिलाबाईंनी विचारलं, लेक कितवीला आहे, मराठी बोलते का. समजतं पण बोलत नाही, असं नीलांबरी म्हणाली. त्यावर त्या म्हणाल्या, "सुट्टीत घेऊन ये तिला एकदा," आणि फाटक उघडून आत गेल्या.